भाषेचे अंतर कुठून मोजायचे?

सोलापूर किती लांब आहे? हा प्रश्न अपुरा आहे, हे तुमच्या लगेच ध्यानात आले असेल. पुण्याचा माणूस म्हणेल, सुमारे २५० किलोमीटर. बार्शीचा म्हणेल, सुमारे ७०. आणि सोलापुरात राहणारा मुलगा नुसता तुमच्याकडे पाहून हसेल. अंतर सांगायचे तर ते कुठून मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. पदार्थविज्ञानात आपण याला संदर्भचौकट म्हणतो. आगगाडीत शेजारी बसलेला प्रवासी तुम्हाला स्थिर दिसतो. फलाटावरच्या हमालाला तोच प्रवासी वेगाने जाताना दिसतो. दोघांचेही निरीक्षण बरोबर असते.

आता दुसरा प्रश्न. दहावी होऊन अकरावीत आलेली मुले दरवर्षी मला विचारतात, "सर, एखादी परकीय भाषा शिकायची आहे. जर्मन घेऊ, फ्रेंच घेऊ की जपानी? सगळ्यांत सोपी कोणती?" हा प्रश्नही सोलापूरच्या प्रश्नासारखाच अपुरा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सोपी कोणाला? कुठून निघालेल्याला?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची एक प्रशिक्षण संस्था आहे. परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना ती भाषा शिकवते. कामकाज नीट चालवता येईल इतकी भाषा यायला किती आठवडे पूर्ण वेळ शिकावे लागते, याचा तक्ता तिने वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून तयार केला आहे. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज यांना २४ ते ३० आठवडे. जर्मनला ३६. रशियनला ४४. आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी या चार भाषांना तब्बल ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास! रोज पाऊण तास आणि वर्षातले ३०० दिवस असा हिशेब तुम्ही केलात, तर वर्षाला २२५ तास होतात. म्हणजे जपानीला जवळजवळ दहा वर्षे लागणार. हा तक्ता पाहून कितीतरी मुले जपानीचा नाद सोडून देतात.

पण थोडे थांबा. त्याच तक्त्यात ४४ आठवड्यांच्या गटात रशियनच्या शेजारी आणखी एक भाषा बसलेली आहे. ती कोणती असेल? हिंदी! जी भाषा तुम्ही चित्रपट पाहता पाहता, क्रिकेटचे धावते वर्णन ऐकता ऐकता शिकलात, तिला हा तक्ता रशियनइतकीच अवघड ठरवतो. तक्ता चुकीचा आहे काय? मुळीच नाही. तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी केलेला आहे. त्याचा शून्याचा दगड वॉशिंग्टनमध्ये रोवलेला आहे, आणि आपण बार्शीत उभे आहोत.

मग आपला तक्ता आपणच का करू नये? संपूर्ण भाषेचा नाही करता येणार, पण तिच्या एका अंगाचा नक्की करता येईल. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि एक वाक्य पुरे.

एक सोपा प्रयोग

वाक्य असे घ्या: "राम काल शाळेत गेला नाही." 'राम' सोडून बाकीच्या शब्दांना क्रमांक द्या. काल १, शाळेत २, गेला ३, नाही ४. आता या वाक्याखाली त्याच अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहा: "राम डिड नॉट गो टू स्कूल यस्टर्डे." 'डिड नॉट' हा आपला 'नाही', म्हणजे ४. 'गो' म्हणजे ३, 'टू स्कूल' म्हणजे २ आणि 'यस्टर्डे' म्हणजे १. वरच्या वाक्यातला प्रत्येक शब्द खालच्या वाक्यातल्या त्याच्या जोडीदाराशी सरळ रेघेने जोडा, आणि रेघा एकमेकींना किती ठिकाणी छेदतात ते मोजा.

सहा छेदनबिंदू मिळतील. चार रेघा एकमेकींना जास्तीत जास्त सहाच ठिकाणी छेदू शकतात (का, ते भूमितीच्या तासाला विचारा). म्हणजे मराठी वाक्य आरशात धरावे तसे इंग्रजी वाक्य पूर्ण उलटे झालेले आहे. पाचवी-सहावीत इंग्रजी वाक्ये रचताना डोके का दुखत होते, याचे कारण तुम्हाला आता कागदावर दिसते आहे.

फ्रेंच वाक्य घेतले तरी क्रम इंग्रजीसारखाच येतो, छेदनबिंदू सहाच. पोर्तुगीजचेही तेच. रशियनमध्ये म्हणतात, "राम व्चेरा ने खोदील व श्कोलू". व्चेरा म्हणजे काल, ने म्हणजे नाही, खोदील म्हणजे गेला आणि व श्कोलू म्हणजे शाळेत. क्रम झाला १, ४, ३, २. रेघा ओढून पाहा, छेदनबिंदू तीन. जर्मनमध्ये "राम इस्ट गेस्टर्न निष्ट त्सुर शूले गेगांगेन". यातला 'इस्ट' हा साहाय्यक शब्द बाजूला ठेवला, तर क्रम येतो काल, नाही, शाळेत, गेला. छेदनबिंदू दोन.

आणि ८८ आठवड्यांची ती भयंकर जपानी? "रामु वा किनोओ गाक्कोओ नि इकिमासेन् देश्ता." किनोओ म्हणजे काल. गाक्कोओ म्हणजे शाळा आणि नि म्हणजे आपला सप्तमीचा 'त'. शेवटी जाणे हे क्रियापद, आणि नकार त्यालाच पाठीमागून चिकटलेला. रेघा ओढा. एकही रेघ दुसरीला छेदत नाही!

एका वाक्यावरून निष्कर्ष काढू नये, हे प्रयोगशाळेत आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. रशियनमध्ये शब्दांचा क्रम बराच मोकळा असतो. दुसरे वाक्य घेतले तर आकडे बदलतील. तेव्हा तुमच्या मनाने दहा वाक्ये घ्या, भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या आणि सरासरी काढा. आकडे बदलले तरी जपानी तळाशी आणि इंग्रजी-फ्रेंच वरच्या टोकाला, हे चित्र फारसे बदलणार नाही. कारण मराठीप्रमाणेच जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीची कामे करणारे शब्द नामाच्या पुढे नव्हे, मागून लागतात.

'खाऊन पाहा' आणि 'जाऊन येतो'

हे साम्य शब्दांच्या क्रमापाशी थांबत नाही. आपण म्हणतो, "येता का?" जपानी माणूस म्हणतो, "किमास् का?" किमास् म्हणजे येणे, आणि वाक्याच्या शेवटचा 'का' प्रश्न विचारण्यासाठी. आपल्यासारखाच 'का', आपल्याच जागी! हा निव्वळ योगायोग आहे. मराठी आणि जपानी या एका कुळातल्या भाषा नाहीत. पण शिकणाऱ्याने योगायोगाचा फायदा घेऊ नये, असा काही नियम नाही.

याहून गमतीचे पुढे आहे. एखादा नवा पदार्थ समोर आला की आपण म्हणतो, "खाऊन पाहा." खाण्याचा आणि डोळ्यांनी पाहण्याचा काय संबंध? इंग्रजीत हे शब्दशः सांगितले तर ऐकणारा गोंधळून जाईल. जपानीत मात्र "ताबेते मिरु" असेच म्हणतात. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे पाहणे. आपण एखादे काम आधीच 'करून ठेवतो'. जपानी माणूस "शिते ओकु" म्हणतो. शिते म्हणजे करून, ओकु म्हणजे ठेवणे. मराठीत 'ऊन' लावून जे होते, ते जपानीत 'ते' लावून होते. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला या 'ते' रूपांचे धडेच्या धडे घोकावे लागतात. तुम्हाला "अरे, हे तर आपलेच!" म्हणून पुढे जाता येते.

घरातून बाहेर पडताना आपल्याकडे "जातो" म्हणत नाहीत. आजी लगेच टोकते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावे." जपानी मूल शाळेत निघताना "इत्ते किमास्" म्हणते. शब्दशः अर्थ: जाऊन येतो.

मग अवघड काय?

आता तुम्ही म्हणाल, जपानी एवढी जवळची असेल तर सारे मराठी लोक जपानी का बोलत नाहीत? कारण अंतर एकाच दिशेने मोजून भागत नाही. बार्शीहून सोलापूर जवळ खरे, पण वाटेत घाट असता तर? जपानीच्या वाटेवर घाट आहे तो लिपीचा.

या घाटाची सुरुवात मात्र ओळखीची आहे. जपानी भाषेच्या दोन उच्चारानुसारी लिपी आहेत, हिरागाना आणि काताकाना. प्रत्येकीत मूळ ४६ अक्षरे. त्यांचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मोठ्याने म्हणून पाहा. कंठापासून ओठांकडे जाणारी आपली बाराखडीच कोणीतरी म्हणते आहे, असे वाटते ना? ते खरेच तसे आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची सिद्धम् ही भारतीय लिपी जपानात पोचली. तिथल्या भिक्षूंनी तिचा अभ्यास केला आणि आपल्या अक्षरांना हा क्रम दिला. म ओठांचा, पण त्याच्या आधी प, ब न येता 'हा' कसा आला? आजच्या ह चा उच्चार प्राचीन जपानीत प असा होता. उच्चार बदलला, अक्षर रांगेतल्या आपल्या जागीच राहिले.

इथपर्यंत महिना-दीड महिन्यात पोचता येते. त्यानंतर कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चित्रवजा चिन्हे. झाडाचे चिन्ह चार फटकाऱ्यांचे. दोन झाडे शेजारी शेजारी काढली की वनराई, तीन काढली की अरण्य. इतके सोपे असते तर काय हवे होते! पण जपानी सरकारने २०१० मध्ये ठरवलेल्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे उच्चार दोन किंवा अधिक. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत तिथली मुले १,०२६ चिन्हे शिकतात. जपानी ही ज्यांची मातृभाषा आहे, त्यांची ही गोष्ट. परकीयांसाठी जपानीची परीक्षा पाच पातळ्यांची असते. पुण्यात ती देणारी मुले मी पाहतो. पहिली पायरी हसतखेळत पार होते. मधल्या पायरीशी पुष्कळांची गाडी अडते, आणि अडवणारे व्याकरण नसते, कांजी असते. चित्रे काढण्याची, आकृती लक्षात ठेवण्याची आवड असेल तर या घाटाला भिऊ नका. पाठांतराचा मनापासून कंटाळा असेल, तर मात्र आधीच विचार करा.

तो, ती, ते

जर्मनबद्दल नेहमीची तक्रार असते ती लिंगांची. तिथे प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग असते: देअर, डी, दास. इंग्रज मुलगा कपाळावर हात मारतो. हिंदी भाषक मुलालाही तिसरे लिंग नवे असते. आपल्याला काय नवे? तो दगड, ती वीट, ते घर. निर्जीव वस्तूंना लिंग देण्याचा वेडेपणा आपण जन्मापासून करतोच आहोत.

अर्थात वस्तूनिहाय जोडी जुळेल असे नाही. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. पण विचार करण्याची रीत जुळते. जर्मन भाषेत 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. म्हणून मुलगी या अर्थाचा 'मेट्शेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि त्यावर जगभर विनोद झाले आहेत. आपल्याला त्यात विनोदी काही वाटू नये. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू यांना आपण तरी काय म्हणतो? ते वासरू, ते लेकरू!

आणखी एक गोष्ट. 'चोर' मधला च आणि 'चार' मधला च हे दोन वेगळे उच्चार आहेत, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. जर्मन 'त्साइट' (म्हणजे वेळ) याच्या सुरुवातीचा उच्चार आपल्या चोराच्या च जवळचा आहे. रशियनमध्ये तर या दोन उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरेच आहेत.

रशियनचे नाव निघाले म्हणून थोडेसे. 'एतो मोय दोम' म्हणजे 'हे माझे घर'. 'आहे' हे क्रियापद दोन्हीकडे गाळता येते. द्वेर म्हणजे दार, ब्रात म्हणजे भाऊ (भ्राता आठवा), ओगोन म्हणजे अग्नी, द्वा आणि त्री म्हणजे दोन आणि तीन. ही साम्ये मात्र जपानी 'का' सारखी योगायोगाची नाहीत. संस्कृत आणि रशियन खरोखरच दूरच्या नात्यातल्या आहेत. सहा विभक्त्या पाठ कराव्या लागतात, पण संस्कृतच्या आठ विभक्त्या चालवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे भय वाटू नये.

फ्रेंचच्या बाबतीत आपल्याला मदत मिळते ती मराठीची नव्हे, इंग्रजीची. इंग्रजीतले हजारो शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत, त्यामुळे वाचताना निम्मे पान ओळखीचे वाटते. पोर्तुगीज शब्द तर आपल्या घरातच आहेत. बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, लिलाव आणि नाताळ हे सारे पोर्तुगीजांनी दिलेले.

कशासाठी शिकायची?

अंतर मोजून झाले. पण कुठे जायचे हेच ठरले नसेल, तर जवळच्या गावाची एस.टी. पकडून काय उपयोग?

सत्येंद्रनाथ बोस यांची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरचे निबंध जर्मनमध्ये होते. बोस आणि मेघनाद साहा या दोन तरुण प्राध्यापकांनी सापेक्षतेवरच्या मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तकरूपाने छापले. पुढे १९२४ मध्ये ढाक्याहून बोस यांनी स्वतःचा एक निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला, तो इंग्रजीत. सोबतच्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले की, निबंध जर्मनमध्ये उतरवण्याइतके जर्मन मला येत नाही. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः भाषांतरित करून 'त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजीक' या नियतकालिकात छापायला दिला. बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीचा जन्म तो हाच.

पाहा, ज्याला आइन्स्टाइन यांचे जर्मन वाचून त्याचे भाषांतर करता येत होते, त्याला जर्मनमध्ये लिहिता येत नव्हते! यात विसंगती काहीच नाही. वाचता येणे, बोलता येणे आणि लिहिता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना लागणारे तासही वेगळे. बोस यांना वाचणे हवे होते, तेवढे त्यांनी मिळवले.

त्या काळी वैज्ञानिकाला दोन-तीन युरोपीय भाषा वाचता येणे भागच होते. मूळचे गोव्याचे दामोदर कोसंबी यांचा १९३३ सालचा भूमितीवरचा निबंध पाहा. निबंध इंग्रजीत, तो छापणारे नियतकालिक जर्मन, आणि त्याच्याच पाठोपाठ एली कार्तां या थोर गणितज्ञाची त्यावरची टिप्पणी फ्रेंचमध्ये. तीन भाषा येत नसतील तर वाचकाने काय करावे? आज पदार्थविज्ञानातले जवळजवळ सारे संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध होते. तेव्हा 'विज्ञान वाचण्यासाठी जर्मन' हे कारण आता उरले नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. जर्मनीत जाऊन बारावीनंतरचे पदवीशिक्षण घ्यायचे असेल तर जर्मन लागते, कारण तिथले पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमध्येच चालतात. जपानने २०१९ पासून शुश्रूषा, बांधकाम, शेती अशा कामांसाठी परदेशी कुशल कामगारांना नवी दारे उघडली, आणि आत जायला सुरुवातीच्या पातळीची जपानी यावी लागते. ही कारणे खरी आहेत. पण वाचायचे की बोलायचे, याचे उत्तर प्रत्येकात निराळे आहे.

"मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो, मग भाषा शिकायचीच कशाला?" असाही प्रश्न येतो. तिकीट काढायला किंवा औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायला खरोखरच शिकू नका, मोबाईल वापरा. पण रात्रपाळीत आजारी म्हातारीच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेने प्रत्येक वाक्याला खिशातून यंत्र काढायचे म्हटले, तर म्हातारी काय सांगत होती ते विसरून जाईल.

राहता राहिली गुणांची गोष्ट. अकरावीला मराठीऐवजी परकीय भाषा घेण्याची सोय अनेक महाविद्यालयांत आहे, आणि 'पैकीच्या पैकी मिळतात' म्हणून पुष्कळ जण ती घेतात. परीक्षा झाली की दोन महिन्यांत सगळे विसरतात. गुण हवेत यात गैर काही नाही. पण त्याला भाषा शिकणे म्हणू नये, एवढेच. यातला विनोद मला नेहमी जाणवतो. जर्मनचे नपुंसकलिंग आणि जपानीचे 'खाऊन पाहणे' ज्या मराठीच्या जोरावर आपल्याला फुकट मिळते, तीच बाजूला सारून आपण वर्गात शिरतो आणि इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकावरून, छेदनबिंदू सहाच्या वाटेने, जर्मन शिकतो. जर्मन वाक्याखाली मराठी अर्थ लिहिण्याची सवय ठेवा. शिक्षक रागावले तर वहीच्या मागच्या पानावर लिहा.

निवड करण्यापूर्वी एक करा. मनात असलेल्या दोन भाषांचे पहिले चार-चार धडे मिळवा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विभागात अनेक परकीय भाषा शिकवतात. मुंबई-पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे. गावात काहीच सोय नसेल तर आकाशवाणीपासून मोबाईलपर्यंत कुठलीही साधने चालतील. दोन आठवडे एक भाषा, दोन आठवडे दुसरी, रोज पाऊण तास. महिनाअखेर पाहा, कोणत्या भाषेची वही तुम्ही कोणी न सांगता उघडत होता. आणि जपानी घेतलीत, तर हे वाक्य रेघा ओढून सोडवा: "वाताशी वा मांगोओ ओ ताबेते मिमाश्ता." वाताशी म्हणजे मी, आणि मांगोओ म्हणजे काय, हे सांगायला नकोच.